पहिली बातमी आणि शेवटचा निकाल

सन २०२५ या एकाच वर्षात महाराष्ट्रातील तीन जुन्या स्फोट प्रकरणांचे निकाल लागले. ४ जानेवारीला नांदेडच्या न्यायालयाने २००६ मधील स्फोटाच्या खटल्यात हयात असलेल्या सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या उपनगरी रेल्वेगाड्यांतील साखळी बॉम्बस्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, एवढ्या मर्यादेत त्याला स्थगिती दिली. मात्र सुटका झालेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागणार नाही, हेही स्पष्ट केले. आणि ३१ जुलैला मुंबईतील विशेष न्यायालयाने मालेगावच्या २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटातील सातही आरोपींना पुराव्याअभावी सोडून दिले.

या निकालांचे अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावले. एका निकालाने ज्यांना समाधान वाटले, त्यांतल्या अनेकांना दहा दिवसांच्या अंतराने आलेला दुसरा निकाल पचनी पडला नाही. या गदारोळात मूळ गोष्ट बाजूला राहिली. मालेगावच्या भिक्खू चौकात मरण पावलेल्या सहा जणांना कोणी मारले, उपनगरी गाड्यांतून घरी निघालेल्या १८९ जणांचे प्राण कोणी घेतले, या प्रश्नांना आज न्यायालयाने शिक्कामोर्तब केलेले उत्तर नाही. तपास यंत्रणांच्या अपयशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. परंतु वृत्तपत्रांनी आणि वृत्तवाहिन्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारायला हवा होता. स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांत आपण काय सांगितले होते आणि ते कशाच्या आधारावर सांगितले होते?

नंदुरबारला याचे काय?

मोठ्या बॉम्बस्फोटांच्या यादीत नंदुरबारचे नाव नाही. तरीही हा प्रश्न या जिल्ह्यासाठी दूरचा नाही. धुळे ओलांडून नाशिकच्या वाटेला लागले की मुंबई-आग्रा महामार्गावर मालेगाव येते. पश्चिमेला ताप्ती मार्गावरची गाडी नवापूरची हद्द ओलांडून सुरतेला जाते आणि त्या गाडीतून जिल्ह्यातील असंख्य माणसे मजुरीसाठी, व्यापारासाठी, औषधोपचारासाठी ये-जा करतात. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, त्यानंतरच्या काही दिवसांत सुरतेत जागोजागी न फुटलेले बॉम्ब सापडत होते. त्यांची संख्या २९ च्या घरात गेली. ज्या शहरात आपला मुलगा किंवा भाऊ कामाला आहे, ज्या गावावरून आपली एसटी जाते, तेथून आलेली अशी बातमी इकडे परक्या मुलखातली बातमी म्हणून वाचली जात नाही.

दुसरे असे की, अशी बातमी गावात पोचते तेव्हा ती एकटी पोचत नाही. तिच्यातला एखादा शब्द बाजारपेठेतल्या शेजाऱ्यांना एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावतो. कोणत्या समाजावर संशय घेतला गेला, यावर दुसऱ्या दिवशी कोणाचे दुकान उघडेल आणि कोणाचे बंद राहील, हे ठरू शकते. शेजारच्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. तेथे बॉम्ब नव्हता, होती ती मोबाइलवरून फिरलेली ‘मुले पळवणारी टोळी’ ही शब्दयोजना. आधी नाव ठेवले गेले आणि खातरजमा नंतर झाली. तोवर पाच जीव गेले होते. चुकीचे नाव किती लवकर आणि किती महाग पडते, हे खानदेशाला बाहेरून कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही.

एका बातमीतील तीन विधाने

स्फोटाच्या पहिल्या बातमीत प्रत्यक्षात तीन निरनिराळी विधाने एकत्र बांधलेली असतात. काय घडले, किती हानी झाली आणि कोणी केले. या तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांकडे असतात आणि ती मिळायला लागणारा वेळही वेगळा असतो. काय घडले हे बॉम्बशोधक पथक आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा सांगू शकते. त्याला काही तास ते काही दिवस लागतात. किती हानी झाली हे रुग्णालये सांगतात आणि तो आकडा कित्येक आठवडे बदलत राहतो. कोणी केले हे तपासातून पुढे येते आणि न्यायालयात ठरते. त्याला वर्षे लागतात. ही तिन्ही विधाने पहिल्याच रात्री एकाच मथळ्यात, सारख्याच खात्रीने मांडली की अडचण सुरू होते. वाचकाला त्यातले पक्के कोणते आणि कच्चे कोणते, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

स्फोट की बॉम्बस्फोट?

पहिला प्रश्न वरवर सोपा वाटतो. पुण्यात कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० रोजी सायंकाळी स्फोट झाला, तेव्हा तो स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरचा असावा, असेच प्रथम सांगितले गेले. उपाहारगृह म्हटल्यावर तो अंदाज अस्वाभाविक नव्हता. थोड्याच वेळात तो बॉम्ब होता हे स्पष्ट झाले. मृतांची संख्या अखेरीस १७ वर गेली. नांदेडमध्ये ६ एप्रिल २००६ रोजी एका घरात स्फोट होऊन दोघे जण ठार झाले, तेव्हा तेथे फटाक्यांचा साठा होता, असे आधी सांगण्यात आले. मग तपासाने बॉम्ब तयार करताना झालेला स्फोट असे त्याचे स्वरूप मांडले. जवळजवळ १९ वर्षांनी न्यायालयात तो बॉम्बस्फोट होता हेच सिद्ध करण्यात सरकार पक्ष अपयशी ठरला. ‘स्फोट’ आणि ‘बॉम्बस्फोट’ या दोन शब्दांमधले अंतर पार करायला कधी एक तास पुरतो, तर कधी दोन दशकेही पुरत नाहीत.

अगदी अलीकडचे उदाहरण दिल्लीचे आहे. १० नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी लाल किल्ल्याजवळ एका मोटारीत स्फोट झाला. पहिल्या वृत्तांत सीएनजी टाकी फुटल्याची शक्यताही होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने १२ नोव्हेंबरला ठराव करून ही दहशतवादी घटना असल्याचे म्हटले. लगोलग १४ नोव्हेंबरच्या रात्री श्रीनगरजवळ नौगाम पोलीस ठाण्यात दुसरा स्फोट होऊन नऊ जण मरण पावले. चारच दिवसांपूर्वी दिल्लीत काय झाले होते हे लक्षात घेता या घटनेलाही तेच नाव देण्याचा मोह अनेकांना झाला असता. ते नाव चुकीचे ठरले असते. जप्त केलेल्या स्फोटकांची हाताळणी सुरू असताना तो अपघात झाल्याचे पोलिसांनी स्पष्ट केले. एकाच आठवड्यातल्या या दोन घटना पाहिल्या, तर पहिल्या तासात ‘स्फोट’ एवढाच शब्द वापरणे हा भित्रेपणा नसून अचूकपणा आहे, हे पटावे.

हे ओळखण्याची काही ठोस साधने असतात. स्फोटाच्या जागी खड्डा पडला आहे काय, जखमींच्या अंगात खिळे किंवा छर्रे सापडले काय, सिलिंडर जागेवर शाबूत आहे काय, स्फोटक द्रव्याचे अंश मिळाले काय, या प्रश्नांची उत्तरे घटनास्थळी काम करणारे पथक देऊ शकते. वार्ताहराने या गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर मिळाले तर ते तेवढेच छापावे. परंतु उत्साहाच्या भरात कोणते स्फोटक, किती किलो, कोठून आणले, हेही दुसऱ्याच दिवशी छापून येते. ११ जुलै २००६ नंतर आरडीएक्स आणि प्रेशर कुकर यांच्या किती तरी कहाण्या प्रसिद्ध झाल्या होत्या. त्या खटल्यात कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले गेले, एवढेसुद्धा सरकार पक्षाला नोंदीवर आणता आले नाही, असे उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नमूद केले. वाचकांना जी गोष्ट आठवड्याभरात तपशीलवार ‘माहीत’ झाली होती, ती न्यायालयाला १९ वर्षांनंतरही कळलेली नव्हती.

‘दहशतवादी’ म्हणावे केव्हा?

याचा अर्थ हा शब्दच टाळावा असा नव्हे. काही पाश्चात्त्य वृत्तसंस्थांनी ‘दहशतवादी’ हा शब्द स्वतःच्या वतीने न वापरता तो कोणाच्या तरी तोंडी घालण्याचे धोरण ठेवले आहे. त्यामागील विचार समजण्याजोगा असला, तरी आपल्याकडच्या वाचकाला तो पुरेसा वाटत नाही आणि त्याचे कारणही तसेच आहे. सायंकाळच्या गर्दीच्या वेळी अवघ्या ११ मिनिटांत सात गाड्यांतील पहिल्या वर्गाचे डबे फुटतात, तेव्हा तो अपघात नसतो. नेमके कोणाला मारायचे हे ठरवून केलेला तो खूनही नसतो. अनोळखी प्रवाशांना मारून जिवंत राहिलेल्या सर्वांना घाबरवणे, हाच त्याचा हेतू असतो. अशा वेळी ‘दहशतवादी कृत्य’ म्हणायला कचरणे हीसुद्धा चुकीची माहिती देण्याचीच एक रीत आहे.

कायद्याची भूमिका येथे उपयोगी पडते. बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्ये दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे. देशाची एकता, सुरक्षितता, सार्वभौमत्व धोक्यात आणण्याचा किंवा लोकांमध्ये दहशत पसरवण्याचा हेतू आणि त्यासाठी बॉम्ब, स्फोटके यांसारख्या साधनांचा वापर, असा तिचा गाभा आहे. या व्याख्येत आरोपीचा धर्म, भाषा किंवा पक्ष कोठेही येत नाही. म्हणून कृत्याला दहशतवादी म्हणण्यासाठी ते कोणी केले हे ठाऊक असण्याची अट नाही. ‘दहशतवादी हल्ला, हल्लेखोर अज्ञात’ असा मथळा पूर्णपणे बिनचूक असू शकतो. आपल्याकडे मात्र ‘दहशतवादी’ शब्द लिहिला की त्यापुढे कोणाचे तरी नाव यायलाच हवे, अशी सवय लागून गेली आहे. ती मोडली पाहिजे.

याउलट कृत्याचे स्वरूप धूसर असेल तर थांबणे इष्ट. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर १ ऑगस्ट २०१२ रोजी कमी तीव्रतेचे स्फोट झाले. हा दहशतवादी प्रकार आहे असे त्या रात्री पोलीस म्हणायला तयार नव्हते. पुढे तपास मात्र त्याच दिशेने गेला. या घटनेत जो एक सामान्य माणूस जखमी झाला, त्याच्याकडेच प्रथम संशयाने पाहिले गेले आणि नंतर तो निरपराध असल्याचे निष्पन्न झाले. शब्द जपून वापरणारी यंत्रणा माणसाच्या बाबतीत मात्र घाई करून बसली.

आपल्या भाषेतही या श्रेणी स्पष्ट आहेत. ‘स्फोट’ म्हणजे घटना, ‘घातपात’ म्हणजे कोणीतरी जाणूनबुजून केलेले कृत्य, ‘बॉम्बस्फोट’ म्हणजे साधन आणि ‘दहशतवादी हल्ला’ म्हणजे हेतू. एकेकाळी मराठी वृत्तपत्रे ‘अतिरेकी’ हा शब्द सरसकट वापरीत. नंतर ‘दहशतवादी’ रूढ झाला. शब्द बदलले तरी नाव देणारा कोण, हा प्रश्न कायम असतो. धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ एप्रिल १९४४ मध्ये क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. ब्रिटिश सरकारच्या लेखी तो दरोडा होता, लोकांच्या स्मरणात ती ‘खजिना लूट’ आहे. सरकारने दिलेले नाव हे नेहमी अंतिम नसते, याची जाणीव या भागाला आहे. अर्थात निरपराध प्रवाशांच्या डब्यात ठेवलेला बॉम्ब आणि परकीय सत्तेच्या खजिन्यावरील छापा यांची तुलना होऊ शकत नाही. मुद्दा एवढाच, की नाव कोणाकडून आले हे बातमीत सांगितले गेले पाहिजे.

सर्वांत घातक घाई

तिसरा प्रश्न, म्हणजे कोणी केले हा, सर्वाधिक नुकसान करतो. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी, शुक्रवारी, शब-ए-बारातच्या दिवशी हमीदिया मशीद, बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौक परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली आणि त्यांत नमाजासाठी, कब्रस्तानाच्या भेटीसाठी आलेल्यांचा भरणा होता. काही आठवड्यांत दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम तरुणांवर आरोप ठेवले. ते ‘सिमी’शी संबंधित असल्याचे सांगण्यात आले आणि गावाच्या नावापुढे हे विशेषण चिकटले. नंतर तपास सीबीआयकडे आणि २०११ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. त्या यंत्रणेने वेगळ्याच आरोपींवर आरोपपत्र ठेवले. आधीच्या नऊपैकी सात जण नोव्हेंबर २०११ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, जामिनावर बाहेर आले. २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने हयात असलेल्यांना आरोपमुक्त केले. नववा त्याआधीच मरण पावला होता. पवित्र दिवशी आपल्याच समाजाच्या माणसांना मारण्याचे हे लोक ठरवतील हे संभवनीय वाटत नाही, असा अभिप्राय न्यायालयाने दिला. ही शंका २००६ च्या सप्टेंबरमध्येही विचारता आली असती. ती विचारण्यासाठी कोणत्याही गुप्त माहितीची गरज नव्हती.

दोन वर्षांनी त्याच गावात, भिक्खू चौकात, मोटारसायकलवर ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला, असे तपास यंत्रणांचे म्हणणे होते. पहिला संशय पूर्वीसारख्याच दिशेने गेला. ऑक्टोबर २००८ मध्ये हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालील पथकाने साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांना आणि त्यानंतर लेफ्टनंट कर्नल श्रीकांत पुरोहित यांना अटक केली, तेव्हा लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ‘हिंदू दहशतवाद’, ‘भगवा दहशतवाद’ हे शब्द मथळ्यांत आणि नेत्यांच्या भाषणांत आले. केंद्रीय गृहमंत्री असताना पी. चिदंबरम यांनी २०१० मध्ये आणि सुशीलकुमार शिंदे यांनी २०१३ मध्ये असे शब्दप्रयोग केले आणि त्यावरून वादळ उठले. खटला अनिर्णित असताना एका संपूर्ण धर्माच्या रंगाला दिलेले हे विशेषण होते. जी चूक एका समाजाबाबत केली होती, तीच दुसऱ्याबाबत करून तोल साधला जात नाही. त्यामुळे चुका दोन होतात. ३१ जुलै २०२५ च्या निकालात न्यायालयाने संशय हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे बजावले. घटनास्थळाचा पंचनामा सदोष होता, जागेचे रेखाचित्र काढलेले नव्हते आणि बॉम्ब त्याच मोटारसायकलवर होता हेही सिद्ध झाले नाही, असे त्यात नमूद आहे. आज यातून एवढेच म्हणता येते की आरोप सिद्ध झाले नाहीत. सहा जण मेले, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही.

जगातही हेच घडले आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी येथे १९ एप्रिल १९९५ रोजी सरकारी इमारत उडवली गेली आणि १६८ लोक मरण पावले. पहिल्या दिवशी संशयाची सुई मध्यपूर्वेकडे वळवली गेली. आरोपी निघाला अमेरिकी सैन्यातील माजी जवान. स्पेनमध्ये ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या उपनगरी गाड्यांत बॉम्ब फुटले. मतदान तीन दिवसांवर होते. सरकारने बास्क फुटीरवादी संघटना ‘एटा’चे नाव घेतले, पंतप्रधान अझ्नार यांनी संपादकांना स्वतः दूरध्वनी केले, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी एकमताने केलेल्या ठरावातही ‘एटा’चे नाव आले. प्रत्यक्षात हल्लेखोर अल कायदाच्या विचाराने प्रेरित गटाचे निघाले आणि सत्ताधारी पक्ष निवडणूक हरला. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ओस्लोत स्फोट झाल्यावर जगभरच्या वाहिन्यांवर इस्लामी संघटनांची चर्चा सुरू झाली. त्या दिवशी ७७ जणांना मारणारा तरुण नॉर्वेचाच, अतिउजव्या विचारांचा होता. या तिन्ही ठिकाणी अंदाज करणारे लोक अनुभवी होते. त्यांची चूक एवढीच झाली, की मागच्या घटनेचे उत्तर त्यांनी पुढच्या घटनेला लावले.

जेथे पहिला अंदाज खरा ठरला, तेथेही ही घाई समर्थनीय होत नाही. अहमदाबादच्या स्फोटांपूर्वी काही मिनिटे ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने ई-मेल आला होता. २०२२ मध्ये विशेष न्यायालयाने त्या खटल्यात ४९ जणांना दोषी ठरवले आणि त्यांतील ३८ जणांना फाशीची शिक्षा सुनावली. परंतु त्याच ई-मेलचा माग काढताना तपास प्रथम नवी मुंबईतील एका परदेशी रहिवाशाच्या दारात पोचला होता. त्याच्या वाय-फाय जोडणीचा कोणी तरी वापर केला होता. संगणकाचा पत्ता म्हणजे माणूस नव्हे आणि जबाबदारी स्वीकारणारे पत्र म्हणजे पुरावा नव्हे, हे दोन धडे या एका प्रकरणात आहेत. त्याच खटल्यात २८ आरोपी निर्दोष सुटले, हेही विसरता कामा नये.

सरकारच खोटे सांगते तेव्हा

या संदर्भात १२ मार्च १९९३ चा विचार अपरिहार्य आहे. मुंबईत त्या दिवशी १२ ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ जण मरण पावले. मुख्यमंत्री शरद पवार यांनी त्या सायंकाळी मशीद बंदर या मुस्लिमबहुल भागाचाही स्फोटाचे ठिकाण म्हणून उल्लेख करून स्फोटांची संख्या एकाने वाढवून सांगितली. तेथे स्फोट झालेला नव्हता. शहरात पुन्हा दंगल भडकू नये म्हणून आपण हे मुद्दाम सांगितले, असे त्यांनी पुढे जाहीरपणे कबूल केले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली ताज्या होत्या, हे लक्षात घेता अनेकांना ते प्रसंगावधान वाटते. तसे असेलही. परंतु राज्यकर्त्याला जे क्षम्य ठरू शकते, ते वृत्तपत्राला ठरत नाही. शांतता राखण्यासाठी वृत्तपत्राने खोटे स्थळ छापण्याची गरज नसते. न कळलेले नाव न छापणे पुरेसे असते. आणि मुख्यमंत्र्यांच्या तोंडची माहितीसुद्धा पहिल्या दिवशी ‘मुख्यमंत्र्यांनी सांगितले’ अशीच छापली पाहिजे, हेही त्या प्रसंगाने शिकवले.

आकडे आणि विशेषणे

मृतांच्या आकड्यांबाबत वाचक बराच समंजस असतो. माद्रिदच्या मृतांची संख्या आधी दोनशेहून अधिक सांगितली गेली आणि नंतर १९१ ठरली. मालेगाव २००८ मधील जखमींची संख्या सरकार पक्षाने १०१ सांगितली, न्यायालयाने ९५ धरली. ‘रात्री दहापर्यंत मिळालेल्या माहितीनुसार, अमुक रुग्णालयाच्या नोंदीप्रमाणे’ एवढी जोड दिली तर बदलत्या आकड्याने विश्वास उडत नाही. तो उडतो वेळ आणि उगम न सांगता ठोकून दिलेल्या आकड्याने.

विशेषणांबाबत मात्र सवयी वाईट आहेत. अटक होताच संशयित ‘मास्टरमाइंड’ होतो. ‘सूत्रांनी सांगितले’ या दोन शब्दांमागे एकाच अधिकाऱ्याचा एकच दूरध्वनी असतो. आणि सर्वांत त्रासदायक शब्द म्हणजे ‘कनेक्शन’. एखाद्या आरोपीचे मामाचे गाव, एखादे जुने सिमकार्ड, एखाद्या लॉजमधील एक रात्र, एवढ्यावर ‘मालेगाव कनेक्शन’ असे मथळे निघतात. हातमाग-यंत्रमागावर पोट भरणाऱ्या लाखोंच्या गावाला त्या शब्दाची किंमत नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याच्या खोलीच्या दारात मोजावी लागते. उद्या असा मथळा नंदुरबारच्या, शहाद्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या नावाने निघाला, तर सुरतेत काम शोधणाऱ्या आपल्या पोरांना काय विचारले जाईल, याची कल्पना करावी.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत. पहिल्या बातमीत जे पाहिले, ज्याने सांगितले आणि जेव्हा सांगितले, एवढे यावे. जे अद्याप स्पष्ट झालेले नाही, तेही एका वाक्यात लिहावे. ‘स्फोटाचे कारण समजलेले नाही’ हे वाक्य छापायला लाज वाटण्याचे कारण नाही. कृत्याला नाव देताना पुरावा कृत्याचा असावा आणि माणसाला नाव देताना पुरावा माणसाचा असावा. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावू नये. संघटनेचे नाव कोणी अधिकृतपणे घेतले असेल तर घेणाऱ्याच्या नावासह द्यावे. समाजाचे नाव पहिल्या दिवशी देण्याने वाचकाला कोणतीच उपयुक्त माहिती मिळत नाही. दहशतवाद्यांविरुद्ध कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणावर २०१५ पासून नियमाने बंधन आले आहे. परंतु शब्दांच्या वापरावर असा नियम नाही आणि तो सरकारने करूही नये. ते काम संपादकांचे आहे.

इंटरनेट आवृत्तीमुळे एक नवी जबाबदारी आली आहे. छापील अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जात असे. संकेतस्थळावरील जुनी बातमी मात्र नावानिशी शोधली की आजही समोर येते. तिच्यातला आरोपी अजूनही ‘दहशतवादी’ असतो. ज्यांना न्यायालयाने सोडले, त्यांच्याविषयीच्या जुन्या बातम्यांच्या माथ्यावर निकालाची तारीख आणि एक ओळ जोडणे तांत्रिकदृष्ट्या काही मिनिटांचे काम आहे. बातमी पुसू नये. ती त्या दिवसाची नोंद आहे. पण पुढे काय झाले हे तिच्यासोबत वाचकाला दिसले पाहिजे. अटकेला पहिल्या पानावर आठ रकाने आणि सुटकेला आतील पानावर एक, ही विषमता निदान तेवढ्याने कमी होईल.

वाचकांचाही यात वाटा आहे. मोबाइलवर आलेला स्फोटाचा निरोप पुढे ढकलण्याआधी तो कोणी पाठवला, त्यात वेळ आहे का आणि नाव कोणाच्या हवाल्याने आहे, एवढे पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. राईनपाड्यात ते पाहिले गेले असते तर पाच घरे उद्ध्वस्त झाली नसती.

भिक्खू चौकातल्या आणि उपनगरी गाड्यांतल्या मृतांच्या नातेवाइकांनी १७ आणि १९ वर्षे न्यायाची वाट पाहिली. पहिल्या दिवसाच्या चुकीच्या मथळ्यांमुळेच खटले फसले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते फसले सदोष तपासामुळे. पण लवकर नाव हवे, लवकर अटक हवी, असा जो दबाव तपासावर येतो, तो आपणच, लिहिणारे आणि वाचणारे, निर्माण करतो. ‘अद्याप कळलेले नाही’ हे उत्तर दोन दिवस ऐकून घेण्याची तयारी समाजाने दाखवली, तर पंचनामा नीट होण्याला, रेखाचित्र काढले जाण्याला आणि पुरावा न्यायालयापर्यंत शाबूत पोचण्याला तेवढाच अवधी मिळेल.